विश्...

वहीवर नाव सरळ येतं, तोंडातून येताना अडतं.
रामबागेतल्या शाळेत हजेरीला
मी 'वि'वर उभा, 'वि'वरच,
आणि फणसे बाई पुढचं भराभर ओतायच्या :
विनायक? विलास? बस खाली, विश्वास.
मी म्हणालो, हो.
वर्षभर विश्वास होतो.
(माझं नाव विश्राम. हसा, मीही हसतो.)

छप्पन दुकानच्या अलीकडे एक पोहेवाला आहे.
मी म्हणायचो, ज्... ज्...
तो कागदावर जलेबी टाकून मोकळा.
"समझ गया, भिया."
बावीस वर्षं मी गोड खाल्लं.
मागत होतो जिरावन.

ऑफिस यशवंत निवास रोडला, तिसरा मजला,
धान्य-व्यापाऱ्यांच्या हिशेबांची सॉफ्टवेअरं.
पहिल्याच आठवड्यात मुर्तुझाने दाखवलं :
एडिटरच्या अगदी तळाशी एक अरुंद ओळ असते,
तिथे कमांडचं नाव द्यायचं. अख्खं नाही.
'रिप्ल' लिही आणि टॅब दाब.
दाबलं.
'रिप्लेस', एक आडवी रेघ, आणि थांबलं.
मी त्याच्याकडे बघितलं, बिघडलं का?
"नहीं रे. जहाँ तक पक्का था, वहाँ तक आया.
आगे रस्ते अलग हैं. फिर से दबा."
पुन्हा टॅब. वर एक खिडकी उघडली,
तिच्यात सगळी नावं, एकाखाली एक,
सालस पाहुण्यांसारखी बसलेली.
कुणी पुढे सरसावत नव्हतं.
मी एक 'स' दिला.

त्या रात्री उशिरापर्यंत बसलो, कामासाठी नव्हे.
नुसती अक्षरं देऊन बघत होतो.
'झ्झ' दिलं : जुळणी नाही.
बरं वाटलं, अंदाजाने काहीतरी गळ्यात मारलं नाही.
एकदा आख्खं नाव दिलं, तरी म्हणालं :
पूर्ण, पण एकमेव नाही.
म्हणजे शब्द इथे संपू शकतो,
किंवा ह्याच्याच पोटातून आणखी लांब शब्द निघतो,
ते तू ठरव.
तू ठरव, असं
मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग फणसे बाईंची यादी मनात मांडली,
त्यांना न सुचलेली नावंही घातली :
विनायक, विलास, विश्वास, विश्वनाथ, विश्राम.
टॅब. 'वि'. तिथेच.
'श' दिला. टॅब. 'विश्',
शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला,
आणि त्याच्या पुढ्यात तो चौकोनी ठिपका
लुकलुकतोय, लुकलुकतोय,
घड्याळाकडे बघत नाही.

नवव्या वर्षी मी टीमचा हेड झालो.
जिभेचं तेच, पण आता लोक थांबतात,
रजा माझ्या सहीने मिळते म्हणून.

गार्गी लघाटे, नवी, सहा महिन्यांची,
चार वाजता केबिनच्या दारात.
"सर, मला राज..."
मी स्क्रीनवरून मानही न उचलता :
"राजवाड्याला जायचंय? जा की,
गर्दी व्हायच्या आत निघ."
ती म्हणाली, हो.

ते 'हो' मला ओळखू यायला हवं होतं.

सकाळी टेबलावर पाकीट.
राजीनामा. दोन ओळी, कारण नाही.
मुर्तुझा म्हणाला, जाने दे, बच्चे आते-जाते रहते हैं.
पण मी दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून बघितले.
सामाईक दोनच अक्षरं.
तिथपर्यंत पक्कं होतं.
पुढचं मी दाबलं.

संध्याकाळी तिचा नंबर लावला.
"हॅलो?"
ग्... मी. ग्...
तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी,
कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.
विश्राम सर ना? असं ती म्हणाली नाही.
फोनही ठेवला नाही.